जुनी कंपनी म्हणते, ‘जास्त गेलेला पगार परत करा’: पैसे पाठवण्याआधी काय काय करायचं

नोकरी सोडून दोन-अडीच महिने झालेले असतात. नव्या ठिकाणी नुकतं कुठे बूड टेकलेलं असतं. आणि एका दुपारी नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाबद्दल, म्हणजे ‘फुल अँड फायनल’बद्दल, जुन्या कंपनीच्या एचआरचा मेल येतो: ‘फुल अँड फायनलच्या हिशोबात आपणांस २५,२०० रुपये जादा अदा झाल्याचं आढळलं आहे. सात दिवसांत खालील खात्यात भरावेत, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ वाचून पोटात गोळा येतो. ते पैसे तर कधीच संपलेले असतात. खोलीचं डिपॉझिट, गाडीचा हप्ता, घरी पाठवलेले दहा हजार.

मी पुण्यात चौदा वर्षं पगारपत्रकाचं काम करते. असे मेल मी स्वतः पाठवलेले आहेत आणि एकदा मलाही आलेला आहे. पहिली नोकरी सोडली तेव्हाची गोष्ट. अठरा हजारांच्या आसपास आकडा होता. मी इतकी घाबरले की त्याच रात्री भावाकडून उसने घेऊन पैसे भरून टाकले. आठवड्याने शांतपणे हिशोब मांडला, तेव्हा कळलं की माझ्या शिल्लक अकरा रजांचे पैसे त्यात धरलेलेच नव्हते. ते मिळवायला चार महिने खेटे घालावे लागले, कारण एकदा पैसे गेले की समोरच्याला घाई उरत नाही. म्हणून पहिलीवहिली नोकरी बदलणाऱ्या मुलामुलींना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. जास्त आलेले पैसे खरोखर जास्तच असतील तर ते परत करायचेच आहेत. पण आकडा स्वतः मोजल्याशिवाय आणि सगळं लेखी ठरल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही.

आधी उत्तर द्या, पैसे नंतर

लोक दोन चुका करतात. काही जण माझ्यासारखे लगेच भरून मोकळे होतात. काही जण मेल बघून न बघितल्यासारखं करतात, फोन उचलत नाहीत. दुसरी चूक जास्त महागात पडते. गप्प बसलेला माणूस कागदावर पैसे दाबून बसल्यासारखा दिसतो.

मेल आल्यापासून दोन-तीन दिवसांत छोटंसं उत्तर पाठवा. त्याआधी मेल खरा आहे ना, ते बघा. कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरूनच आलाय का? खातं कंपनीच्या नावाचं आहे का? एचआरमधल्या कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले असतील तर तिथेच थांबा आणि कंपनीच्या मुख्य मेलवर विचारणा करा. नोकरी सोडणाऱ्यांची माहिती बाहेर जाते आणि त्यावर फसवणूक करणारे टपलेले असतात.

उत्तरात एवढंच लिहायचं:

‘आपला दिनांक अमुकचा मेल मिळाला. जादा रक्कम अदा झाली असल्यास हिशोब तपासून ती मिटवण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी कृपया पुढील तपशील पाठवावा: रक्कम कोणत्या महिन्याची, कोणत्या शीर्षाखाली आणि कशामुळे जादा गेली, त्या महिन्याची मूळ व दुरुस्त पगार स्लिप, माझ्या शिल्लक रजा आणि येणे रकमांसह पूर्ण फुल अँड फायनल पत्रक. तपशील मिळाल्यावर मी लेखी उत्तर देईन. तोपर्यंत हा मेल रक्कम मान्य असल्याची कबुली समजू नये.’

शेवटचं वाक्य वगळू नका, ते का ते पुढे येईलच. इंग्रजीत लिहायचं असेल तरी मजकूर हाच ठेवा. रागाची भाषा नको आणि गयावयाही नको. समोर बसलेली व्यक्ती बहुतेक वेळा माझ्यासारखीच पगारदार असते, तिलाही वरून विचारणा झालेली असते.

फोन आला तर नीट बोला, पण फोनवर ‘हो, देतो’ म्हणू नका. ‘मेलवर पाठवा, मी उत्तर देते,’ म्हणा. फोनवर काही ठरलंच तर त्याच दिवशी ‘आज आपलं असं असं बोलणं झालं’ असा मेल टाकून ठेवा.

कागद गोळा करा

शेवटच्या सहा महिन्यांच्या पगार स्लिपा, त्याच काळाचं बँक स्टेटमेंट, नियुक्तिपत्र, राजीनाम्याचा मेल आणि तो मंजूर झाल्याचं उत्तर, शेवटचा कामाचा दिवस कुठला हे सांगणारं काहीही, रजेची शिल्लक, ज्यांचे पैसे मिळाले नाहीत अशी प्रवासाची वा इतर बिलं, फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा कंपनीने दिलेला दाखला) आणि पीएफचं पासबुक. पीएफचं पासबुक यूएएन नंबर, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, वापरून ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर दिसतं, त्याला कंपनीची गरज लागत नाही.

अडचण अशी की स्लिपा आणि रजेची शिल्लक कंपनीच्या पोर्टलवर असते आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं. तुम्ही अजून नोकरीत असाल आणि सोडायचा विचार असेल, तर आजच सगळ्या स्लिपा उतरवून स्वतःच्या मेलवर ठेवा, रजेच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. लॉगिन गेलं असेल तर एचआरकडे मागा. स्वतःच्या पगाराची स्लिप मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

जास्त गेले कसे, ते शोधा

आमच्या खात्यात सगळ्यांत जास्त वेळा होतं ते असं. पगारपत्रक साधारण वीस-पंचवीस तारखेला बंद होतं. राजीनाम्याची किंवा बिनपगारी रजेची माहिती त्यानंतर पोचते, किंवा मॅनेजर ती कळवायलाच विसरतो. मग बारा तारखेला गेलेल्या माणसाचा पूर्ण महिन्याचा पगार निघतो. दुसरं कारण म्हणजे बंद झालेला भत्ता चालूच राहणं. रात्रपाळी संपली, पण नाइट शिफ्टचे पैसे चार महिने येत राहिले, असं होतं. पगारवाढ चुकीच्या तारखेपासून लागू होणं हे तिसरं.

कारण का शोधायचं? कारण पुरावा त्यावर ठरतो. शेवटच्या तारखेचा वाद असेल तर राजीनाम्याचे मेल कामाला येतात. बिनपगारी रजेचा असेल तर हजेरीचा तक्ता मागायला हवा. तुम्ही त्या दिवशी घरून काम केलेलं असतं आणि हजेरीत मात्र गैरहजेरी पडलेली असते, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

मागणीच्या आकड्यात जादा पगार सोडून दुसरं काही घुसडलंय का, तेही बघा. नोटीस पिरियड पूर्ण न केल्याचे पैसे, परत मागितलेला जॉइनिंग बोनस, ट्रेनिंगचा बाँड. ही वेगळी प्रकरणं आहेत. जादा पगार ही चूक असते, तर या गोष्टी करारातल्या अटींवर उभ्या असतात. अट दाखवा म्हणायचं, सही कुठे आहे ते बघायचं. बाँडमध्ये दोन लाख लिहिलं म्हणून दोन लाख आपोआप देणं लागत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देतं आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. तेव्हा एकाच आकड्यात गुंडाळलेलं सगळं आधी सुटं करायला लावा.

आता वही-पेन घ्या

इथे घाई करू नका, सगळा खेळ इथेच आहे. एक उदाहरण पूर्ण करून दाखवते.

समजा एका मुलाचा महिन्याचा एकूण पगार ४२,००० रुपये, त्यात मूळ वेतन २१,०००. पीएफ मूळ वेतनाच्या १२ टक्के म्हणजे २,५२०. व्यवसाय कर, ज्याला सगळे पीटी म्हणतात, २००. या पगारावर टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा आयकर, नाही. शेवटचा दिवस १२ सप्टेंबर, पण पगार आला पूर्ण सप्टेंबरचा. म्हणजे बँकेत जमा झाले ३९,२८०.

खरं तर बारा दिवसांचेच पैसे मिळायला हवे होते. ४२,००० भागिले ३० गुणिले १२, म्हणजे १६,८००. त्या बारा दिवसांचं मूळ वेतन ८,४००, त्यावर पीएफ १,००८. पीटी २००. हाती यायला हवे होते १५,५९२. म्हणजे बँकेत जास्त आले ३९,२८० वजा १५,५९२, बरोबर २३,६८८ रुपये.

कंपनी मागते आहे २५,२००. ते कुठून आले? ४२,००० वजा १६,८००. म्हणजे कंपनीने एकूण पगारातला फरक धरला, हाती आलेल्या पैशांतला नाही. मधला फरक १,५१२ रुपये, आणि तो जादा कापलेला पीएफ आहे. हे पैसे मुलाच्या बँकेत आलेच नाहीत, पण त्याच्या पीएफ खात्यात गेले आहेत. आता प्रामाणिकपणे विचार केला तर दोन रस्ते आहेत. कंपनी पीएफचा भरणा दुरुस्त करून घेणार असेल तर मुलाने २३,६८८ च द्यायचे. पीएफ तसाच त्याच्या नावावर राहणार असेल तर ते १,५१२ त्यालाच मिळालेले आहेत, तेव्हा २५,२०० चा हिशोब चुकीचा म्हणता येणार नाही. कंपनीला सरळ विचारायचं: पीएफचं काय करताय, ते लेखी सांगा. पासबुक उघडलं की खरं काय ते दिसतंच.

मुलाच्या जागी मुलगी असती तर आणखी दोनशे रुपये हलले असते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. दुरुस्त पगार १६,८०० झाला की पीटी शून्य होतो. रक्कम छोटी आहे, पण दुरुस्त स्लिपमध्ये हे दिसलं नाही तर समजायचं की स्लिप नीट तपासून बनवलेली नाही, आणि मग बाकीचे आकडेही पुन्हा बघायचे.

अजून संपलं नाही. कंपनीकडून येणं काय आहे ते आता धरायचं. या मुलाच्या नऊ रजा शिल्लक होत्या आणि नियुक्तिपत्रात लिहिलं होतं की नोकरी सोडताना मूळ वेतनाच्या तीसाव्या भागाने रजेचे पैसे मिळतील. दिवसाचे ७००, नऊ दिवसांचे ६,३००. औरंगाबाद रोडच्या साइटवर गेला होता, त्या प्रवासाची १,९४० ची बिलं मंजूर होऊनही अडकली होती. दोन्ही मिळून ८,२४०. पीएफ कंपनी दुरुस्त करणार असेल तर द्यायची रक्कम उरते १५,४४८. मागणी होती २५,२०० ची.

प्रत्येकाच्या बाबतीत आकडा इतका खाली येईल असं नाही. कधी कंपनीचा आकडा पैशापैशाने बरोबर निघतो. पण तेव्हाही तुम्ही मोजून देता, घाबरून नाही. पगाराचा दिवस तीसने भागतात, एकतीसने की सव्वीसने, हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. जो भागाकार पगार देताना वापरला, तोच वसुलीला वापरला आहे ना, एवढं पाहा.

टीडीएस कापला गेला असेल तर

पगार मोठा असेल तर जादा पैशांवर आयकरही कापला गेलेला असतो. सगळा मामला एकाच आर्थिक वर्षातला, म्हणजे एप्रिल ते मार्चमधला असेल, तर सोपं आहे. कंपनीने वर्षाचा पगार दुरुस्त करायचा, टीडीएसचं तिमाही विवरण दुरुस्त करायचं आणि तुमच्याकडून हाती आलेलीच रक्कम घ्यायची. फॉर्म १६ मध्ये दुरुस्त पगार येतोय ना, हे मेलमध्ये लिहून घ्या.

३१ मार्च उलटून गेला, फॉर्म १६ निघाला, तुम्ही रिटर्नही भरलं, आणि मग मागणी आली, तर गुंता होतो. करासकट पैसे परत मागतात, आणि त्या पैशांवरचा कर तर तुमच्या पॅनवर आधीच भरला गेलेला असतो. अशा वेळी सीएकडे जा. रिटर्न दुरुस्त करायची मुदत आहे की गेली, फॉर्म १६ दुरुस्त करून मागायचा का, हे तो रक्कम पाहून सांगेल. त्याची फी द्यायला मागेपुढे पाहू नका. दीड लाखांच्या वसुलीत कराचा हिस्सा तीस-चाळीस हजारांचा असू शकतो.

कायदा तुम्हाला किती बांधतो

‘चूक त्यांची, मग मी का भरू?’ हे मला रोज ऐकू येतं. राग समजतो, पण कायदा तसा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७२ सांगतं की चुकीने दिले गेलेले पैसे घेणाऱ्याने परत करायला हवेत. चूक कंपनीची असली तरी आणि पैसे तुम्ही खर्च केले असले तरी. सरकारी नोकरांना जे संरक्षण न्यायालयांनी दिलंय ते खासगी नोकरीत तसंच्या तसं मिळेल असं धरून चालू नका.

मुदतीचं मात्र नीट समजून घ्या. असा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. चुकीच्या बाबतीत मुदत कायदा, १९६३ चं कलम १७ असं म्हणतं की मुदत चूक लक्षात आल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर लक्षात यायला हवी होती तेव्हापासून मोजायची. म्हणजे ‘तीन वर्षं झाली, सुटलो’ हे दर वेळी खरं नसतं. आणि मुदत संपायच्या आत तुम्ही ‘हो, एवढे देणं आहे’ असं सही करून लिहून दिलंत, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यावरही ‘देईन’ असं लेखी वचन दिलंत तर ते बंधनकारक ठरू शकतं. म्हणून पहिल्या मेलमधलं ते ‘कबुली समजू नये’ हे वाक्य. मागणी जुनी असेल, चार-पाच वर्षांपूर्वीची, तर काहीही लिहून देण्याआधी वकिलाला दाखवा.

‘पोलिसांत देऊ’ ही धमकीही येते. हिशोबाचा वाद हा दिवाणी मामला आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःकडे वळवणं हा गुन्हा आहे, हेही तितकंच खरं. खात्यात चुकून तीन लाख आले, तुम्हाला कळलं, आणि तुम्ही ते काढून फोन बंद केला, तर अडचण ओढवून घेतलीत. तुम्ही तपशील मागताय, हिशोब मांडताय, हप्ते सुचवताय आणि हे सगळं मेलवर आहे, तर अप्रामाणिकपणा दाखवणं कुणालाही अवघड जाईल.

कंपनीला काय करता येत नाही

शेवटच्या पगारातून जादा रक्कम वळती करून घ्यायला कायद्यात जागा आहे. आधी वेतन प्रदान कायदा, १९३६ मध्ये होती, आता वेतन संहिता, २०१९ मध्ये आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण एका पगाराच्या कालावधीत सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. हीच संहिता असंही सांगते की राजीनामा दिला वा कामावरून काढलं तरी शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा. पंचेचाळीस दिवस लागतात, साठ दिवस लागतात, ही जुनी सवय आहे.

पीएफला कंपनी हात लावू शकत नाही. तो पैसा ईपीएफओकडे तुमच्या नावावर आहे, आणि ‘आधी पैसे भरा मग पीएफ सोडतो’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर भरता येते. अडलं तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. ग्रॅच्युइटीही ठरावीक कारणांसाठीच अडवता येते: कंपनीचं नुकसान केल्यामुळे, दंगामस्तीमुळे वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यामुळे काढलं असेल तर. पगारपत्रकातली चूक त्यात बसत नाही.

रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मुक्त केल्याचं पत्र, अडवून ठेवणं हा मात्र कंपन्यांचा हुकमी एक्का असतो. नवी कंपनी ते मागत असते, आणि मुलं तिथेच वाकतात. अशा वेळी नव्या कंपनीच्या एचआरला आधीच सांगून ठेवा: राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आहे, शेवटच्या स्लिपा आहेत, हिशोबाचा एक मुद्दा बाकी आहे. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं. लपवलंत आणि पडताळणीत निघालं तर उगाच संशय येतो.

किती आणि कसे देणार, ते ठरवा

आकडा पटला की हप्ते मागायला लाजू नका. कंपनीने चूक दोन महिन्यांनी शोधली, तर तुम्हाला सात दिवसांत फेडायला लावणं न्याय्य नाही. खोलीभाडं, घरी पाठवायचे पैसे, प्रवास आणि जेवण वजा जाता हातात काय उरतं ते बघा, आणि त्याच्या निम्म्याचा हप्ता सुचवा. दर महिन्याला तीन हजार देणाऱ्याला कंपन्या सहसा नाही म्हणत नाहीत. व्याज लावणार नाही, असं लिहून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते: पुढच्या तारखांचे चेक देऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने सहा चेक दिले, तिसऱ्याला पगार उशिरा झाला आणि चेक परत गेला. साधा हिशोबाचा वाद होता तो चेक न वटल्याच्या कलम १३८ चा फौजदारी मामला झाला. प्रत्येक हप्ता स्वतः नेटबँकिंगने कंपनीच्या खात्यात पाठवा, शेऱ्यात ‘जादा पगार परतफेड, हप्ता १’ लिहा आणि त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला यूटीआर नंबर मेल करा.

पहिला हप्ता जाण्याआधी कंपनीकडून एवढं लेखी हवं: एकूण ठरलेली रक्कम, हप्त्यांच्या तारखा, शेवटचा हप्ता मिळाल्यावर किती दिवसांत ‘नो ड्यूज’ (काही देणं बाकी नाही असा दाखला) आणि रिलीव्हिंग लेटर मिळेल, आणि यानंतर या कारणासाठी दुसरी मागणी येणार नाही. हे शेवटचं विसरू नका. सप्टेंबरचे पैसे घेतल्यावर मार्चमध्ये भत्त्याची वेगळी मागणी आल्याचं मी पाहिलंय.

गाडी अडलीच तर

वकिलाची नोटीस आली तर तिला उत्तर द्यायचंच, आणि वकिलाकडूनच द्यायचं. खिशाला परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत असल्यास मिळतो. हेल्पलाइन १५१००. कंपनीने उलट तुमचाच पगार अडवला असेल किंवा निम्म्याहून जास्त कापला असेल तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. मुंबईत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे, इतर जिल्ह्यांत सहाय्यक कामगार आयुक्तांचं कार्यालय असतं. अर्ज मराठीत चालतो. सोबत स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि तुम्ही मांडलेला हिशोब एका पानावर जोडा. त्या एका पानाने निम्मं काम होतं, हे मी अनुभवाने सांगते.

घरात निवृत्त शिक्षक किंवा सरकारी कर्मचारी असेल तर

हे वेगळं लिहिते, कारण तिथे नियम वेगळे आहेत आणि झळ म्हाताऱ्या माणसांना बसते. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं, वीस वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकल्याचं निघतं, आणि ‘अतिप्रदान’ म्हणून तीन-चार लाखांची वसुली निवृत्तीच्या रकमेतून काढली जाते. आमच्या शेजारच्या काकांना असं पत्र आलं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या निकालात सांगितलं की काही परिस्थितींत अशी वसुली करता येणार नाही: गट क आणि गट ड मधल्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली जात असेल तर, चुकीने वरच्या पदाचं काम करून घेतलं आणि त्याचा पगार दिला असेल तर, आणि वसुली अन्यायकारक व कठोर ठरत असेल तर. २०२२ मध्ये थॉमस डॅनियल यांच्या प्रकरणात, तेही शिक्षकच, न्यायालयाने निवृत्तीनंतरची वसुली नाकारली.

पण वेतनआयोगाच्या वेळी ‘जादा रक्कम आढळल्यास परत करीन’ असं हमीपत्र दिलं असेल तर कार्यालय त्यावर बोट ठेवतं, आणि २०१६ च्या जगदेव सिंग निकालात न्यायालयाने अशा हमीपत्राला महत्त्व दिलं. तेव्हा पहिलं काम म्हणजे सेवापुस्तकाची आणि हमीपत्राची प्रत मागवणं. कार्यालय देत नसेल तर माहिती अधिकारात. हमीपत्राची तारीख काय, ते नेमक्या कुठल्या वेतननिश्चितीबद्दल आहे, हे बघायचं. नंतर वसुलीवर लेखी हरकत नोंदवायची. राज्य सरकारी कर्मचारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात, जिल्हा परिषदेचे शिक्षक उच्च न्यायालयात. रक्कम कापली जाण्याआधी गेलेलं बरं. काकांनी हरकत नोंदवली होती, म्हणून त्यांच्या वकिलाच्या हातात पुढे काहीतरी होतं.

पैसे फिटल्यावर

खासगी नोकरीतल्या हिशोबाकडे परत येते. शेवटचा हप्ता गेला की तीन गोष्टी तपासा. दुरुस्त फुल अँड फायनल पत्रक आणि नो ड्यूज मेलवर आलं का. पीएफ पासबुकात कंपनीने म्हटल्याप्रमाणे दुरुस्ती झाली का. आणि जूनमध्ये फॉर्म १६ निघाला की त्यात दुरुस्त पगार आहे ना, हे रिटर्न भरायच्या आधी जुळवा. सगळे मेल, यूटीआर नंबर आणि तुमचं ते वहीतलं पान एका फोल्डरमध्ये ठेवा आणि निदान पुढची चार वर्षं हलवू नका.